दादाची बोटं

टीव्हीवर आयर्लंडचे दोन म्हातारे भाऊ बटणांचे अ‍ॅकॉर्डियन वाजवत होते. वसईतल्या लग्नांत इनास आणि पास्कूदादा असेच जोडीनं वाजवायचे. पुढं बापाच्या विहिरीवरून भांडले आणि वीस वर्षं बोललेच नाहीत.

इनासला राहवेना. पलीकडच्या आळीत जाऊन तो दादाच्या दारात उभा राहिला. "दादा, चल, बघ तरी!"

पास्कू मुकाट्यानं आला. टीव्हीसमोर बसताच त्याची बोटं गुडघ्यावर नाचू लागली. इनासचे डोळे भरून आले. "दादा, तेव्हा चूक माझीच होती रे."

पास्कूनं त्याच्याकडे वळून पाहिलं. "माझा धाकटा भाऊपण असंच वाजवायचा," तो म्हणाला. "हल्ली दिसत नाही कुठं. तुम्ही ओळखता का त्याला?"