कपाटातला कागद

घरं बांधणाऱ्यांनो, तुम्ही कधी स्वतःच्या हातानं तेलाचा डबा उचलून कपाटात ठेवलाय? नसणारच. नाहीतर कपाटांना आतून असला दुधासारखा पांढरा रंग दिलाच नसता. डबा सरकवला की ओरखडा, थेंब सांडला की कायमचा डाग. आणि निस्तरायचं कुणी? बाईनं.

म्हणून सुताराची बायको सकाळपासून जाड कागद कापत बसली होती. कालच ते इथं राहायला आले होते. सुतारानं घर नोंदवून इतकी वर्षं झाली होती, की घरात तो विषयच कुणी काढत नसे. तोवर भाड्याच्या खोल्या, दुसऱ्यांच्या फळ्या. हे पहिलं स्वतःचं स्वयंपाकघर. नळाला पाणी नव्हतं, शेगडी जोडायची होती. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"कागद नको घालूस," सुतार दारातून म्हणाला.

"का?"

"खाली ओल धरते. झुरळं होतात."

"नळाला पाणी नाही, ओल कुठून येणार?"

खिडकीपाशी बसलेली सासू हसली. "जन्मभर लोकांची कपाटं सजवलीस. बायकोच्या खणात कागद घालायचा तर जिवावर येतंय होय रे?"

"आई, तू मधे पडू नकोस." तो बायकोकडे वळला. "नुसता अंथर. चिकटवू नकोस."

"डबा ओढला की गोळा होतो तो. मी चिकटवणार. आता इथून आपल्याला कोण हलवतंय?"

तो आत आला. खाली बसला, कागदाचं दुसरं टोक धरलं आणि एकेक कोपरा नखानं दाबून बसवू लागला.

शेवटचा खण उरला होता. बेल न वाजवताच दार उघडलं. टाय लावलेला एक माणूस आत आला, मागून एक तरुण जोडपं. सुतार चटकन उठून उभा राहिला.

त्या तरुणीनं सरळ खण ओढला. "अय्या, आत कागदसुद्धा! किती खरं वाटतं ना!"

"वाटणारच," टायवाला म्हणाला. "नमुन्याचा फ्लॅट रिकामा बरा दिसत नाही, म्हणून माणसं ठेवलीत. काय दादा, ठरलंय ना आपलं?"

सुतारानं मान हलवली.

"तुमची इमारत उभी राहिली, की तुमचाही फ्लॅट अगदी अस्साच," टायवाला जोडप्याला म्हणाला.

बायको कात्री हातात घेऊनच उठली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"आणि आमची इमारत? साहेब, तुम्हाला विचारतेय मी. आमची कुठाय?"