यंदाचं पद

"दाढ दुखली? वारा बाधला! पाय मोडला? वारा बाधला!
बायको पळाली? थांबा, तपासतो... अहो, तिलाही तोच वारा लागला!"

डबाबंद बांगडा माशांचं सोंग घेतलेल्या सहाही गाणाऱ्यांनी शेवटची ओळ दोनदा ताणली. चर्चपुढचा चौक हसून हसून लोळायचाच काय तो बाकी राहिला. ज्यांच्यावर पद होतं ते डॉक्टर बेर्नाल पायऱ्यांशीच उभे होते. डोळे पुसत ते ओरडले, "अरे नालायकांनो, ती पळाली नाही, माहेरी गेलीय!"

"तीन वर्षं झाली, डॉक्टर!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा उसळला.

एलादियोमास्तर नेहमीच्या खांबाशी टोपी हातात घेऊन उभे होते. पुढचं पद आपलंच, अशी त्यांची खात्री होती. कार्निवलच्या रविवारी चानो मासेवाल्याची ही गाणारी टोळी इतिहास मंडळाच्या या अध्यक्षाला कधी सोडत नसे. गेल्या साली त्यांनी गायलं होतं, "मास्तरांनी काढला जुना दाखला, आदम कादिझलाच न्हाला-माखला, सफरचंद तेवढं सेव्हियाहून आलं!" मास्तर वर्षभर चिडल्याचं सोंग करत गावभर हिंडले होते. कादिझमध्ये ज्याच्यावर पद नाही, त्याला पत नाही.

यंदा तर पद हवंच होतं. भीती वाटत होती, तरी हवं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी मंडळाच्या सभागृहात मास्तरांच्या गळ्यात पदक पडलं. तीन गावं ज्याच्यावरून भांडत होती, तो जुना नकाशाकार कादिझचाच, हे अखेर सिद्ध झालं होतं. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली होती. शोधली होती मंडळाच्या ग्रंथालयातल्या रेमेदियोसने, नऊ हिवाळे वाळवी लागलेल्या वह्या उलटून. एका वार्ताहराने विचारलं, "नोंद सापडली कोणाला?"

"मला," मास्तर म्हणाले.

एवढंच. तोंडातून निघून गेलं आणि टाळ्या पडल्या. रेमेदियोस तिसऱ्या रांगेत बसली होती, त्यांचा कोट मांडीवर सांभाळत. कार्यक्रम संपल्यावर तिने तो त्यांच्या हातात दिला आणि चालू लागली. तेव्हापासून मास्तरांना पदकाकडे बघवत नव्हतं. तिच्याशी बोलायचं धाडसही होत नव्हतं. एकदा भर चौकात आपली बिनपाण्याने हजामत होऊ दे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. गाव हसलं की गावाने चूक पोटात घातली, अशी इथली रीत.

ढोल वाजला. पुढचं पद निघालं घंटा वाजवणाऱ्या बहिऱ्या पास्कासियोवर. त्यापुढचं गायनशाळेच्या बाईंवर. मग बांगड्यांनी वाकून नमस्कार केला आणि घसा ओला करायला ते पायऱ्या उतरले.

मास्तरांनी चानोला गाठलं. "काय रे, यंदा मला वगळलंस?"

"वेळ पुरला नाही, मास्तर."

"डॉक्टरच्या बायकोला पुरला की!"

चानोने डोक्यावरचं डब्याचं झाकण काढलं. केस घामाने चिकटले होते. मास्तरांकडे न बघता तो म्हणाला, "वेळ होता. पद नव्हतं."

"तुला सुचलं नाही? अरे, यंदा तर मी आयताच..."

"तुमची पदं मला कधीच सुचली नाहीत, मास्तर. ती मावशी लिहून द्यायची."

"कोण मावशी?"

"रेमेदियोसमावशी. माझ्या आईची धाकटी बहीण. आदमचं तिचं, तुमच्या विसरलेल्या चष्म्याचं तिचं. वीस वर्षांची सगळी तिचीच. आम्ही नुसते गळे." चानोने ग्लास रिकामा केला. "यंदाही मागायला गेलो होतो. म्हणाली, चानो, आता त्यांच्यावर हसू येत नाही रे."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं त्यांच्या खोडी कुणीतरी एवढ्या मायेने टिपून ठेवत होतं आणि ते पदांचं कौतुक चानोला करत आले होते. म्हणजे पहिल्यांदाच नव्हे, दरवर्षीच तिचं श्रेय दुसऱ्याच्या पदरात पडत होतं आणि दरवर्षी ती गप्प होती. त्यांचे कान तापले.

"आणखी एक! आणखी एक!" चौक ओरडला. चानो झाकण चढवून पळाला.

तेवढ्यात मास्तरांना ती दिसली. दुसऱ्या रांगेत, कागदात जवळ्याचं धिरडं घेऊन, शेजारणीशी बोलत. माणसांना बाजूला सारत ते तिच्यापर्यंत पोचले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण आज बोलल्याशिवाय घरी जायचं नाही एवढं ठरलं होतं.

"रेमेदियोस," ते म्हणाले. "त्या दिवशी सभागृहात... नोंद..."

तिने वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. मोठं माणूस आलं की देतात तशी तिने अंग चोरून जागा दिली आणि शेजारणीलाही कोपराने बाजूला केलं.

"या, पुढे व्हा साहेब," ती म्हणाली. "इथून तुम्हाला नीट दिसायचं नाही."

तीस वर्षांत तिने त्यांना मास्तरशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. "अहो, साहेबांना वाट द्या," पुढून कुणी म्हणालं. लोक अदबीने सरकले आणि मास्तर नको नको म्हणत असताना थेट पहिल्या रांगेत ढकलले गेले. ढोल वाजला, बांगड्यांनी सूर लावला आणि अख्खा चौक हसू लागला, दुसऱ्याच कुणाला तरी.