नखावरची शाई

भात कापताना नख उलटलं, तरी रावजीने तोंडातून ब्र काढला नाही. डावा हात छातीशी धरला आणि बोट मुठीत लपवलं.

पलीकडच्या वाफ्यातली त्याची सून सोनाली विळा टाकून धावत आली.

"बगू द्या, आबा."

"काय नाय झालं गो. तू तुजं काप."

त्या एकाच बोटाचं नख म्हाताऱ्याने महिनाभर वाढवलं होतं. सोनालीने नेलकटर पुढे केला, की स्वारी वेड पांघरून पेडगावला. आज ती घरच्या चाव्यांच्या जुडग्यात अडकवून तो शेतावरच घेऊन आली होती.

"आज मंगळवार हाय," रावजी म्हणाला. "मंगळवारी नखं काढू नयेत."

"शनवारी शनवार, काल अमावास्या. तुमचा वार तरी कंचा, आबा?"

तिने मूठ उघडली. नख अर्ध्यात चिरून लोंबत होतं. त्याच्या टोकाशी काळा पट्टा होता.

"अगो बया, रगात साकळलंय!"

"रगात नाय ते. मताची शाई हाय."

सोनालीचा हात थांबला. उन्हाळ्यात मतदान झालं आणि त्यानंतर आठवड्याने तिची सासू मैना गेली. रावजीच्या कातडीवरची शाई सुतक फिटायच्या आत निघून गेली. नखावरची मात्र नखाबरोबर वर सरकत राहिली. ती टोकाशी आली तेव्हापासून त्याने ते नख कापलंच नव्हतं. मैनेबरोबरच्या त्या दिवसाचं त्याच्यापाशी एवढंच उरलं होतं, आणि तेही जाईल म्हणून तो पोरासारखा भ्याला होता.

"मत दिऊन येताना तिनं माज्या बोटाला बोट लावलं," तो म्हणाला. "म्हनली, बगू कुनाची जास्ती दिस टिकते."

सोनालीने पदराने रक्त टिपलं.

"ऱ्हाऊ द्या, आबा. चिंधी बांधते मी."

रावजी बोटाकडे बघत बांधावर बसून राहिला. मग त्यानेच हात तिच्यापुढे केला.

"नको. काप." त्याने बोट सरळ केलं. "सरनावर ठेवली तवा बी तिच्या बोटावर तशीच काळीभोर व्हती. जितली ती."