मंडळाचं पत्रक

अंक काढणारी पोरं कंप्युटरच्या क्लासला पळू लागली आणि काचीगुड्याच्या मराठी मंडळाचं मासिक पत्रक बंद पडलं. दृष्टी गेलेल्या रंगनाथरावांना ते वाचून दाखवायचं काम वैजयंतीनं आपणहून घेतलं होतं. महिनाभर ते तेवढ्याचीच वाट बघत. बंद पडलं म्हणून सांगायला तिची जीभ रेटेना. ती कोरा कागद धरून मनच्याच बातम्या वाचू लागली.

"अंबरपेठच्या देशमुख भावांनी कोर्टातला दावा मागं घेतला, एका पंगतीला जेवले."

"हौ का! अजून?"

"यंदा गणपतीला वीस स्वयंसेवक आले, काका."

"वीस नक्को गं, पाच कर," रंगनाथराव म्हणाले. "पण काही म्हण, पत्रक बंद पडल्यापासून बातम्या फार चांगल्या येतात."