समोरच्याची बाजू

"बाईंचे आजोबा त्या जमावात होते," मुलगी म्हणाली, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या.

ही गोष्ट इतिहासाच्या बाईंनी या एकाच मुलीला सांगितली होती, तीही मधल्या सुट्टीत, नकाशे गुंडाळता गुंडाळता. पोरीने विचारलं होतं, "बाई, नदीपलीकडचा बाजार जाळला तेव्हा आपल्यातलं कोण कोण होतं हो?" बाईंनी खरं उत्तर दिलं होतं. सख्ख्या भावाशीही त्या कधी हे बोलल्या नव्हत्या.

नववीत या मुलीला सगळे वकील म्हणत. ती बाईंची लाडकी, आणि बाईंनी ते कधी लपवलंही नव्हतं. वर्गात नदीच्या दोन्ही काठांची मुलं होती. भाषा वेगळी, देव वेगळा, आणि मध्ये आजोबांच्या काळातला तो जळलेला बाजार. बाई नुसता धडा वाचून मोकळ्या होत नसत. अलीकडच्या मुलांनी पलीकडच्यांची बाजू मांडायची, पलीकडच्यांनी अलीकडच्यांची. तीही अशी, की समोरच्याने म्हणावं, हो, हेच आमचं म्हणणं. सुरुवातीला पोरं हमरीतुमरीवर आली. मग हळूहळू एकमेकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारू लागली. तिथेच माशी शिंकली.

तक्रार केली ती या मुलीच्याच वडिलांनी. ते लाकडाचे व्यापारी, शिवाय शाळा समितीचे अध्यक्ष. म्हणजे तक्रार करणारेही तेच आणि तिचा निकाल लावणारेही तेच. बाईंकडून इतिहास काढून घ्यायचा आणि त्यांना ग्रंथालयात बसवायचं, हे जवळजवळ ठरलंच होतं. फक्त नियमाप्रमाणे एका विद्यार्थ्याचं ऐकून घ्यायचं राहिलं होतं. मुलगी स्वतःहून पुढे आली तेव्हा बाईंना केवढं हायसं वाटलं होतं!

"त्या आजोबांची टोचणी बाईंना आहे," ती पुढे म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "ती त्या आमच्या माथी मारतात. बाजार आम्ही जाळलेला नाही. मग मान आम्ही का खाली घालायची? पलीकडच्या मैत्रिणीच्या घरी बाजाराचं सगळं ऐकून आल्यावर मी माझ्या आजोबांशी बोलणंच टाकलं. ते जेवेनासे झाले. शाळेने घरात भांडण लावायचं का?"

"अगदी माझ्या मनातलं बोललीस, बाळा," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता.

बाईंना रडू आलं नाही, राग आला. हिला आपण घरचं माणूस समजलो. हिने केसाने गळा कापला, तोही आपणच शिकवलेल्या सफाईने. त्या अध्यक्षांनी काहीही केलं असतं तरी इतकं लागलं नसतं. बाईंनी पर्स उचलली आणि त्या दाराकडे वळल्या.

मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण काढलं. "मग ठराव लिहू?"

"लिहा," अध्यक्ष म्हणाले.

"थांबा ना, सर." मुलगी अजून उभीच होती. "बाबा, मी तुमची बाजू मांडली. नीट मांडली ना? काही राहिलं का?"

"काही नाही राहिलं. शंभर टक्के!"

"मग आता तुम्ही बाईंची मांडा."

अध्यक्ष हसले. आपण एकटेच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबले. दारात बाईही थांबल्या होत्या.

"बाईंचं म्हणणं म्हणजे..." अध्यक्षांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, तर ते टोपण लावण्यात गुंतलेले. पोटच्या पोरीने भर बैठकीत दगा दिला, हे आता त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. "अगं, मला काय ठाऊक त्यांचं म्हणणं!"

"मग निकाल कसा देताय, बाबा?"