दुपारची लाईन

सांगलीतल्या पंपांच्या कारखान्यात रोज दुपारी फोन अडकायचे. तिथली संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्या शलाकाने राउटर बदलला, वायरिंग तपासलं, तरी जेवणाच्या सुट्टीत एक लाईन व्यस्तच राहायची. शेवटी तिने ती लाईन ऐकली.

"जेवलात का?" एक बाई विचारत होती.

"बसतोय आता. तू गोळी घेतलीस?"

हा आवाज कारखान्यात गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या कुलथेकाकांचा होता. ते मागच्या वर्षी वारले, पण गिऱ्हाइकांशी बोलायला कारखान्याने त्यांचा आवाज आणि बोलण्याची ढब यंत्रात जपली होती. रोज घरी फोन करायची त्यांची सवयही त्यात उतरली होती.

"हे यंत्र बोलतंय, हे काकूंना कुणीतरी सांगायला हवं," शलाका मालकांना, शहापुऱ्यांना, म्हणाली.

शहापुऱ्यांनी मान हलवली. "काकू दिवाळीआधीच गेल्या. घराला कुलूप आहे. मुलाने घरी त्यांच्या आवाजाचंही असंच यंत्र बसवलं होतं, ते बंद केलं नसेल. तू लाईन तोड, गिऱ्हाइकं खोळंबतात."

शलाकाने कुलथ्यांच्या घरी जाणारा फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी ती डबा उघडत असताना तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"कारखान्यातून बोलताय ना? यांचा फोन नाही आला आज. बरे आहेत ना हे?"

लाईनवर ऐकलेला तोच बाईचा आवाज. शलाकाला फोन ठेवून द्यावा असं वाटलं, पण तिने तो ठेवला नाही. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून थांबलं होतं.

"बरे आहेत, काकू," ती म्हणाली. "लाईन बिघडली होती. करतील एवढ्यात."

तिने तो नंबर पुन्हा सुरू केला आणि गिऱ्हाइकांसाठी नवी लाईन मागवली.