चार चेहरे

सदर बाजारातल्या आपल्या दुकानात गिरिधर वीस वर्षांपासून जुने फोटो दुरुस्त करत होता. पूर्वी एकेका फोटोला दोन दिवस लागायचे. घरच्यांना शेजारी बसवून, विचारत विचारत तो पुसलेला चेहरा उभा करायचा. आता सॉफ्टवेअरमध्ये एआय आलं होतं आणि कुणाला काही विचारायची गरज उरली नव्हती. सकाळपासून त्याने तीस फोटो उरकले होते. डोळे चुरचुरत होते.

यमुताईंनी नवऱ्याचा एकुलता एक फोटो आणला होता. ओलीने त्यातला चेहरा पार गेला होता. गिरिधरने बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर चार चेहरे आले.

"यातले तुमचे कोणते, काकू?"

त्यांनी पहिल्यावर बोट ठेवलं. मग तिसऱ्यावर. मग हात मागे घेतला.

गिरिधरने कितीतरी दिवसांनी गिऱ्हाइकासाठी शेजारची खुर्ची ओढली. "बसा. नाक कसं होतं त्यायचं?"

यमुताई बसल्या, पण स्क्रीनकडे पाहिनात.

"चाळीस वर्षं झाले गा भाऊ. त्यायचा चेहरा मलेच आठवून नाही राहिला. म्हणून तर तुमच्याकडे आली."